वाकलेला कणा आणि मानेवरचे ओझे

अभ्यासपाठ
वाचन : लूक १३:१०-१७, १ करिंथ १२:१४-२६, गलती ६:२-५




लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील, अठरा वर्षे वाकून राहिलेली स्त्री आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावरचा उपदेश ऐकताना आपण बहुधा तिच्या पाठीचा विचार करतो. मी तिच्या मानेचा विचार करते. कंबरेतून वाकलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा पाहायचा असेल तर मान मागे दुमडून वर उचलावी लागते. बाजारात भाव विचारताना, विहिरीवर कोणी हाक मारली तर, सभास्थानात कोण बोलत आहे ते पाहताना, प्रत्येक वेळी. लूक त्याबद्दल काही सांगत नाही, पण ज्यांचा कणा वाकडा आहे त्यांना ते सांगावे लागत नाही.

मागील अंकात मुलींच्या वसतिगृहातील आरोग्य तपासणीची बातमी वाचून काही मंडळींनी विचारले, की कणा वाकडा असेल तर पाठ दुखावी हे समजते, मग मानदुखीचा उल्लेख कशासाठी? प्रश्न योग्य आहे. माझा स्वतःचा कणा वयाच्या तेराव्या वर्षापासून उजवीकडे वळलेला आहे आणि गेली बरीच वर्षे पाठीपेक्षा मानच मला अधिक त्रास देते. म्हणून या वेळचा पाठ थोडा शास्त्रलेखाचा आणि थोडा शरीराचा असा घेतला आहे.

निरोगी कणा मागून पाहिला तर सरळ रेषेत दिसतो. काहींचा तो बाजूला वळतो आणि वळताना थोडा पिळलाही जातो, ओले धुणे पिळावे तसा. याला स्कोलियोसिस म्हणतात. एक्सरेवर हा बाक १० अंश किंवा त्याहून अधिक भरला तरच डॉक्टर ते नाव देतात. वाढत्या वयाच्या शंभर मुलांत साधारण दोन-तीन जणांना तो असतो. बहुतेकांच्या बाबतीत नेमके कारण सापडत नाही. दप्तर एका खांद्यावर घेतल्याने, वाकडे बसल्याने किंवा लहानपणी डोक्यावरून पाणी आणल्याने कणा असा वळत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पाड्यावरच्या आया स्वतःला दोष देतात आणि शहरातल्या आया मुलींना.

आता मान. आपले डोके साडेचार-पाच किलोंचे असते आणि डोळे जमिनीशी समांतर राहावेत अशी शरीराची धडपड असते. छातीच्या मागचा कणा एका बाजूला गेला की एक खांदा वर चढतो, दुसरा खाली उतरतो. त्या हिशेबाने डोकेही कलायला हवे, पण मेंदू ते कलू देत नाही. मग मान उलट बाजूला वळते आणि डोके सरळ धरून ठेवते. एका बाजूचे स्नायू आखडलेले, दुसऱ्या बाजूचे ताणलेले, आणि हे काम सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत चालू. वर चढलेल्या खांद्यापासून कवटीच्या मागपर्यंत जाणारा स्नायू संध्याकाळी चऱ्हाटासारखा लागतो. पुष्कळदा दुखणे तिथून कानामागे आणि कपाळापर्यंत चढते, आणि लोक चष्म्याचा नंबर तपासून येतात.

त्यात आणखी एक गोष्ट असते. स्कोलियोसिस असलेल्या अनेकांची पाठ वरच्या भागात नेहमीपेक्षा सपाट असते, आणि डोके खांद्यांच्या पुढे येते. भरलेली कळशी छातीशी धरली तर चालता येते. तीच हात लांब करून धरली तर चार पावलांत दम निघतो. पुढे आलेले डोके मानेला त्या लांब धरलेल्या कळशीसारखे जड होते.

पौल करिंथकरांस लिहितो, की एक अवयव दुखावला तर इतरांनाही त्याच्यासोबत सोसावे लागते. हा भाग आपण मंडळीविषयी म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण पौलाने दृष्टान्त म्हणून घेतलेले शरीर खरोखरच तसे चालते. दुखते मान, बिघाड असतो खाली. नुसती मान चोळून दोन तास बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते, त्याचे कारण हेच आहे.

मला काय उपयोगी पडते ते सांगते. दुपारी दहा मिनिटे पाठीवर आडवे व्हायचे, गुडघे वर, तळवे जमिनीला टेकलेले, डोक्याखाली चादरीची इतकीच घडी की चेहरा छताकडे सपाट राहील. हनुवटी ना वर, ना गळ्यात. एवढ्यानेच मानेचे काम थांबते. दिवसभरात तिला अशी सुट्टी दुसरी मिळत नाही. वसतिगृहात काम करणाऱ्या बाईला दुपारची दहा मिनिटे मिळणे कठीण, हे मला ठाऊक आहे, पण ती मी प्रार्थनेच्या वेळेइतकी सांभाळते.

उठल्यावर भिंतीशी पाठ लावून हनुवटी सरळ मागे घ्यायची, जणू डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवायचा आहे. मान खाली घालायची नाही. पाच सेकंद धरून सोडायचे, आठ-दहा वेळा. मग खांदे कानांपासून दूर खाली नेत पाठीची फावडी एकमेकांजवळ आणायची आणि सोडायची. आखडलेल्या बाजूला ताण द्यायचा असेल तर त्या बाजूचा हात मांडीखाली ठेवून डोके दुसऱ्या बाजूला कलते करावे, वीस-तीस सेकंद, हाताने ओढू नये. यातल्या कशानेही दुखणे वाढले, हात झिणझिणला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे.

खरा फरक मात्र श्वासाच्या व्यायामाने पडला. कणा वळतो तेव्हा एका बाजूच्या बरगड्या फुगीर होतात, दुसऱ्या बाजूच्या खोल जातात. खोल गेलेल्या बाजूला हात ठेवून श्वास तिथे न्यायचा, ती बाजू आतून भरायची. ही पद्धत कॅथरिना श्रोथ या जर्मन बाईंनी स्वतःच्याच वाकड्या पाठीवर शोधून काढली आणि १९२१ पासून इतरांना शिकवली. त्यांच्या घरातले व्यायाम आज अनेक देशांतले फिजिओथेरपिस्ट शिकवतात. पण हे पुस्तकावरून किंवा माझ्यावरून शिकू नका. माझा बाक उजवीकडे आहे. तुमचा डावीकडे असेल, किंवा दोन ठिकाणी असेल. बाजूचा घोळ झाला तर फायदा होणार नाही. एक्सरे घेऊन प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे तीन-चार वेळा जावे, मग घरी करावे.

उशीबद्दल पुष्कळ जण विचारतात. महागडी उशी लागत नाही. कुशीवर झोपणाऱ्यांनी कान आणि खांदा यांच्यामधली जागा भरेल एवढी उंची ठेवावी. आपले खांदे सारखे नसल्यामुळे उजव्या कुशीला एक घडी आणि डाव्या कुशीला दीड घडी लागू शकते. जुन्या लुगड्याची किंवा चादरीची घडी यासाठी उत्तम, कारण ती कमी-जास्त करता येते. पालथे झोपणे मात्र सोडावे. त्यात मान रात्रभर एकाच बाजूला वळलेली राहते. शेकायला गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी चालते, पंधरा मिनिटे, कापडावरून, आणि जिथे त्वचेला स्पर्श कमी कळतो तिथे नाही.

मान कडकन मोडून घेऊ नये. केस कापून झाल्यावर मान मोडून देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, काही ठिकाणी हाडवैद्यही तेच करतात. आवाज आला की बरे वाटते, हेही खरे. पण वळलेल्या कण्याच्या मानेला झटका देणे धोक्याचे आहे, आणि ज्यांच्या पाठीत शस्त्रक्रियेने सळया बसवल्या आहेत त्यांनी तर मानेला हात लावूच देऊ नये. मानेचा पट्टाही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरताच. महिनोन्महिने घातला तर स्नायू आणखी दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या रोजच्या रोज आणि उपाशीपोटी घेऊन पोट आणि मूत्रपिंड बिघडवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

इथवर घरातल्या, खाटेवरच्या गोष्टी झाल्या. सातपुड्यात धडगावच्या वरच्या पाड्यांवर यातल्या निम्म्या गोष्टींना अर्थ नाही, कारण तिथे मानेचा शत्रू हंडा आहे.

पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, आणि भांड्याचे वजन वेगळे. कणा सरळ असेल तर ते वजन एका मणक्यावरून दुसऱ्यावर सरळ खाली उतरते. कणा वळलेला असेल तर ते प्रत्येक वळणावर बाजूला ढकलते आणि त्याला तोलून धरण्याचे काम स्नायूंवर येते, सर्वांत आधी मानेच्या. चुंबळ डोक्याची कातडी वाचवते, मान नाही. पाण्यानंतर सरपणाची मोळी असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत उसाची मोळी असते. आणि एप्रिल-मे महिन्यांत आमचूर असते: कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, उन्हात वाळवायच्या, दिवसभर मान खाली घालून.

आमच्या वसतिगृहातली आठवीतली एक मुलगी संध्याकाळच्या प्रार्थनेला डोळे मिटून बसली की हात मानेवर नेत असे. उजवा खांदा वर, फ्रॉकची एक बाजू नेहमी खाली घसरलेली. दरवर्षी जूनमध्ये आम्ही मुलींची तपासणी करतो, तेव्हा तिला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून पुढे वाकायला सांगितले. मागून पाहिले तर उजव्या बाजूच्या बरगड्या डाव्यापेक्षा स्पष्ट उंच होत्या. ही तपासणी कोणत्याही आईला घरी करता येते, अर्ध्या मिनिटाची आहे. दहा ते पंधरा या वयात, मूल झपाट्याने उंच होत असते तेव्हा, ती जरूर करावी.

मी तिच्या पाड्यावर गेले. आई म्हणाली, "बाई, ती ऐकतच नाही. सरळ बस म्हणून कितीदा सांगितलं, मारलंसुद्धा." आजीचे म्हणणे वेगळे होते, तिने भगताला दाखवून कोंबडे दिले होते. मी दोघींना एवढेच सांगितले, की पोरगी हट्टाने वाकडी बसत नाही, तिला सरळ बसता येत नाही. आणि कोणी काही केलेलेही नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मग पाणी कोण आणणार?"

तिचा प्रश्न मला कोणत्याही उपदेशापेक्षा मोलाचा वाटतो. हंडा उचलू नको असे सांगून आपण जीपमध्ये बसून निघून येतो. पाणी तर आणावेच लागते. चाकावर ढकलत न्यायचे पाण्याचे ड्रम सपाटीवर चांगले, आमच्या उतारावर ते माणसाच्या पुढे पळतात. शेवटी आम्ही तिघींनी बसून ठरवले: डोक्यावर काही नाही, दोन्ही हातांत सारख्या वजनाचे दोन लहान कॅन, अर्धे भरलेले, खेपा जास्त, मोठा हंडा भाऊ आणेल. भाऊ सहावीत. पाणी आणणे हे मुलीचे काम असे त्यानेही ऐकलेले, त्यामुळे पहिले काही दिवस मित्रांनी त्याची थट्टा केली. सरपण पाठीवर, दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेऊन. आमचूरच्या दिवसांत कैऱ्यांची पाटी जमिनीवर न ठेवता उलट्या टोपलीवर ठेवायची, म्हणजे मान तितकी झुकत नाही.

गलतीच्या पत्रात पौल सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचने पुढे म्हणतो की प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. मराठीत वाचताना हे उलटसुलट वाटते. मूळ ग्रीकमध्ये तिथे दोन वेगवेगळे शब्द आहेत: पहिला एकट्याला न झेपणाऱ्या वजनासाठी, दुसरा ज्याच्या त्याच्या पाठीवरच्या गाठोड्यासाठी. कणा माझा आहे, तो कोणी वाटून घेऊ शकत नाही. हंडा वाटून घेता येतो.

तिचा एक्सरे जिल्ह्याच्या ठिकाणी झाला. बाक सव्वीस अंशांचा निघाला. वाढ अजून बाकी असल्याने डॉक्टरांनी पट्टा, म्हणजे ब्रेस, सांगितला. साधारण २५ ते ४० अंशांच्या बाकाला, मूल वाढत असेपर्यंत, तो पुढे वाढू नये म्हणून ब्रेस देतात. ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. ब्रेसने बाक सरळ होईलच असे नाही. तो वाढू नये हा हेतू, आणि दिवसाचे किती तास घातला यावर गुण अवलंबून असतो. प्लॅस्टिकचा तो साचा मे महिन्याच्या उकाड्यात घालून बसणे सोपे नाही. मी तिला हे गोड करून सांगितले नाही. आतून सुती बनियन, घाम आला की बदलायचा, एवढीच सोय.

मान मात्र महिनाभरात बरीच उतरली, आणि ती ब्रेसमुळे नव्हे. आमच्या मुली जमिनीवर बसून, वही जमिनीवर ठेवून अभ्यास करतात. पूर्वी मुनीम वापरीत तसली उतरती डेस्के एका सुताराकडून करून घेतली. वही डोळ्यांच्या जवळ आली, मान वर आली. दप्तराचेही पाहिले. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू नये. आमच्या मुली तीस-पस्तीस किलोंच्या. म्हणजे तीन-साडेतीन किलो, आणि दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. हाताची बोटे बधिर होणे, हातातून वस्तू सुटणे, गुंड्या लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. पडल्यानंतर सुरू झालेली मानदुखी. लहान मुलाच्या पाठीत किंवा मानेत रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, कारण साध्या स्कोलियोसिसमध्ये मुलांना सहसा इतके दुखत नाही. आणि आपल्या भागात विशेषतः हे: बारीक ताप, वजन घटणे, आणि पाठीवर मध्येच टोक निघून कुबड येणे. तो मणक्याचा क्षयरोग असू शकतो. त्यावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि उशीर झाला तर पाय जाऊ शकतात. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मुलाची पाठ दाखवावी.

आता पुन्हा लूककडे. त्या स्त्रीने बरे होण्याची विनंती केल्याचे लूक लिहीत नाही. प्रभूने तिला पाहिले, बोलावले, तिच्यावर हात ठेवले. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला राग आला: आठवड्यात सहा दिवस आहेत, त्या दिवशी या. त्यावर प्रभूने बैल आणि गाढव पुढे केले. शब्बाथ असला तरी तुम्ही त्यांना सोडून पाण्यावर नेताच ना? आमच्या पाड्यांवर मी हा भाग वाचते तेव्हा बायका हसतात. गुरांना पाण्याकडे नेतात. बायका पाणी गुरांकडेही नेतात आणि घरीही आणतात.

ती तत्काळ सरळ झाली. आमचे कणे झाले नाहीत. हे टाळून पुढे जाता येत नाही. एका सभेत माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना झाली आणि शेवटी मला सांगण्यात आले, की विश्वास असता तर खांदे एका रेषेत आले असते. त्या रात्री माझी मान नेहमीपेक्षा जास्त दुखली. भगत कोंबडे मागतो, आणि आपल्यातले काही जण विश्वासाचा पुरावा मागतात. ज्याला दुखते त्याच्या दृष्टीने दोन्हींत फार अंतर नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे ते विचारले, आणि प्रभूने त्या माणसाचेही नाही, त्याच्या आईबापांचेही नाही, असे स्पष्ट सांगितले. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. पौलाच्या विश्वासाबद्दल कोणी शंका घेतल्याचे मी ऐकलेले नाही.

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव काहींनी ऐकले असेल. १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत, आदिवासींमध्ये सेवा करणाऱ्या मिशनरी घरात ते जन्मले आणि पुढे वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. कुष्ठरोगात बोटे आपोआप गळत नाहीत. वेदना जाणवत नाही म्हणून माणूस भाजून घेतो, कापून घेतो आणि हात झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून ते वेदनेला देणगी मानीत. रात्री दोन वाजता मान ठणकत असताना मला ती देणगी वाटत नाही, हे खरे. पण दिवसा मी तिचे ऐकते. ती म्हणते, आता टेक. आता हे ओझे दुसऱ्याला दे. वधस्तंभ वाहणे म्हणजे हे न ऐकणे असे शास्त्रात मला कुठे सापडत नाही.

गटात चर्चेसाठी : आपल्या मंडळीत कोणाचे दुखणे आपण विश्वासाच्या कमतरतेत मोजले आहे का? आपल्या घरात जड वस्तू कोण उचलते, आणि ते कोणी ठरवले? उपासनेत दीर्घ प्रार्थनेला सर्वांनी उभे राहावे असे सांगितले जाते तेव्हा बसून राहणाऱ्याकडे आपण कसे पाहतो?

प्रार्थनेसाठी आणि मदतीसाठी : वसतिगृहाला उतरती डेस्के आणखी हवी आहेत. जुन्या कपड्यांऐवजी दोन पट्ट्यांची हलकी दप्तरे पाठवली तर फार उपयोग होईल. आठवीतल्या त्या मुलीचा पुढचा एक्सरे जून महिन्यात आहे. ब्रेस तिला आतापासूनच काखेत रुतू लागला आहे, म्हणजे ती उंच होते आहे, आणि नवा करावा लागेल. तिच्या भावासाठीही प्रार्थना करा. तो अजून हंडा आणतो.